दार लावल्यावरचे साडेतीन अंश

लिंकर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो चार मार्कांचा होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, प्रश्न नेहमीचाच: कंपायलर आणि लिंकर यांतला फरक लिहा. मी पाठ केलेलं उत्तर लिहिलं, तीन मार्क मिळाले आणि माझ्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. सावर्ड्यापासून आत चार-पाच किलोमीटरवर आमची वाडी. शाळा मराठी माध्यमाची. बाबा लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला जायचे, अजूनही जातात. अभ्यासात काही अडलं तर घरी विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळे पुस्तकात छापलेलं असतं तेवढंच ज्ञान, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. रत्नागिरीच्या एमआयडीसीत सात माणसांच्या एका वर्कशॉपमध्ये मला नोकरी लागली, तिथे ही समजूत हळूहळू गेली. ती घालवणाऱ्या माणसाला आम्ही सगळे फक्त 'सर' म्हणतो.

सरांनी बरीच वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते या वर्कशॉपमध्ये येऊ लागले. आम्ही कंट्रोलचे डबे बनवतो. बर्फाचे कारखाने, पाण्याचे पंप, काजू वाळवायच्या विजेच्या भट्ट्या, अशांना लागणारे. डब्यात एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्यातले जवळजवळ सगळे प्रोग्रॅम सरांनी लिहिलेले.

त्यांच्या दोन पद्धती मला सुरुवातीला फार विचित्र वाटल्या. पहिली, प्रोग्रॅममधली नावं मराठीत द्यायची. अक्षरं इंग्रजी, पण नावं 'ताप', 'ओलावा', 'दार', 'मागचा', 'पुढचा'. कॉलेजात असं कोणी केलं असतं तर वर्ग हसला असता. मी एकदा भीत भीत विचारलं, तर सर वायरिंग करणाऱ्या दादांकडे बोट दाखवून म्हणाले, "समज, भर दुपारी खेडला डबा बंद पडला, मी नाही, तू नाहीस, हे एकटे तिथे आहेत. यांना फोनवरून मी काय वाचून दाखवणार? यांना कळेल असंच नाव पाहिजे." दादा दहावीपर्यंत शिकलेले. पण ते स्क्रीनवरच्या ओळी वाचून खरंच सांगायचे, "सर, ह्या मागच्याची किंमत बदलतच नाय." मी हसायचं सोडून दिलं.

दुसरी पद्धत नकाशा वाचायची.

तो नकाशा काय ते सांगायचं तर लिंकर सांगावा लागेल, आणि तो मला नीट समजला बाबांमुळे. एका रविवारी मी घरी गेले होते. बाबांनी विचारलं, "तू करतेस काय नक्की? लोक विचारतात, मी कॉम्प्युटर म्हणून सांगतो."

मी म्हटलं, "आम्ही प्रोग्रॅम वेगवेगळ्या फायलींत लिहितो. एक फाइल दाराची, एक हीटरची, एक स्क्रीनची. मग लिंकर नावाचा प्रोग्रॅम त्या सगळ्या एकत्र जोडतो. कुठल्या नावाला मेमरीतली कुठली जागा, ते तो ठरवतो."

"म्हणजे आमच्या टाइम ऑफिसातला माणूस," बाबा म्हणाले. "कामावर नवीन आला की तो लॉकरचा नंबर देतो. मग तो कपडे कुठे ठेवतो, डबा कुठे ठेवतो, ते आम्ही विचारत नाय."

माझ्या पुस्तकातल्या चार मार्कांच्या उत्तरात हे नव्हतं. लिंकर जोडणी झाल्यावर एक यादीही लिहून देतो: अमुक नाव, इतकी जागा, या पत्त्यावर, या फायलीतून आलेलं. तिला मॅप फाइल म्हणतात. जगभर लोक ती तयार करतात आणि उघडून बघत नाहीत. आमच्याकडे मात्र कुठलाही प्रोग्रॅम बाहेर पडण्याआधी ती कागदावर छापायची आणि जेवणानंतर दोघांनी मिळून मोठ्याने वाचायची. सर लाकडी पट्टी ओळीखाली सरकवत एकेक नाव वाचणार, दुसरा मूळ प्रोग्रॅममध्ये ते नाव शोधून "आहे" म्हणणार, मग पेन्सिलीने टिक.

"पुढचा."

"आहे."

"ओलावा."

"आहे."

पलीकडून दादा सोल्डरिंग करता करता विचारायचे, "झालं का तुमचं पारायण? प्रसादाला बोलवा."

पहिले काही महिने मला झोप यायची. मग एक दिवस असं एक नाव निघालं की ज्याला "आहे" म्हणता येईना. जुन्या, आता न लागणाऱ्या फायलीतलं ते नाव होतं. चुकून जोडलं गेलं होतं. सरांना त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. मला मात्र तेव्हा कळलं, की हा माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो, पण यंत्राने लिहून दिलेलं वाचून मगच ठेवतो.

गेल्या वर्षी सरांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची त्यात नोंद असते, काय बदललं आणि सही. ते म्हणाले, "काजूच्या भट्टीचं आता तू बघ. सही पण तू करायची." मी घरी फोन करून सांगितलं. आईला कशाची सही ते कळलं नाही, पण तिने शेजारी सांगितलंच.

ती काजूची भट्टी आमच्या सावर्ड्याजवळच्या एका लहान कारखान्यातली. चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. पंधरा-सोळा बायका काजू फोडतात, सोलतात, निवडतात. फोडून निघालेले काजूगर वाळवावे लागतात, म्हणजे वरची तपकिरी साल सुटते. पूर्वी हे काम लाकडाच्या भट्टीवर व्हायचं. ती सांभाळायची एक मावशी, आमच्या वाडीच्या पलीकडच्या वाडीतली. त्या भट्टीला अंदाज तिचाच होता, आणि धूरही तिच्याच वाट्याला. तिला दमा जडला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा वहिनींनी विजेची भट्टी घेतली आणि कंट्रोलचा डबा आमच्याकडून बसवून घेतला. मावशी आता ट्रे फिरवते, गर चोळून बघते, आणि दम न लागता उभी असते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझी सही पणाला लागली असं मला वाटत होतं, पण खरं पणाला लागलं होतं ते हे.

डबा बसल्यावर वहिनींची एकच तक्रार होती, स्क्रीनवरचा आकडा सारखा नाचतो. म्हणून मी एक फाइल नवी लिहिली. नवं माप जसंच्या तसं न दाखवता, आधीच्या आकड्यात त्याचा थोडासाच भाग मिसळायचा, म्हणजे आकडा शांत राहतो. आधीचा आकडा ठेवायला एक नाव लागणार. आमच्या पद्धतीप्रमाणे मी ते दिलं: 'मागचा'. तो शून्य असेल तर अजून एकही माप घेतलेलं नाही असं समजायचं आणि पहिलं माप सरळ घ्यायचं. नकाशा वाचला. "मागचा." "आहे." टिक. सही. आकडा शांत झाला आणि वहिनी खूश झाल्या.

काही आठवड्यांनी सर आंजर्ल्याला गेले होते, त्यांच्या घरी देवाचं काही कार्य होतं. मी प्रोग्रॅमची थोडी साफसफाई करायला घेतली. जोडणीच्या आज्ञेत एक जुना पर्याय मला दिसला. त्याचा अर्थ शोधला: दशांशाच्या फार बारीक संख्या, इतक्या बारीक की शून्याच्या अगदी कडेला असतात, त्या आल्या तर प्रोसेसरने त्यांना शून्यच समजावं. त्याने वेळ वाचतो, पण गणित किंचित खोटं होतं. लिंकर तेवढ्यासाठी सुरुवातीलाच एक छोटा तुकडा जोडतो. मला वाटलं, आपल्याला वेळेची घाई नाही, मग गणित खोटं का करायचं? मी तो पर्याय काढला. टेबलावर दिवसभर डबा चालवून बघितला. दादांना समोर बसवून नकाशाही वाचला. सगळ्या नावांना टिक. सही केली आणि प्रोग्रॅम पाठवला. खरं सांगते, मला तेव्हा अभिमानच वाटत होता, की सरांच्या जुन्या प्रोग्रॅमात मी काहीतरी सुधारलं.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "गर करपतायत. तू ये आणि बघ."

मी सकाळची एसटी पकडून गेले. कारखान्यात शिरले तर समोर ट्रेमध्ये गर पिवळे-तांबडे पडलेले, काही कडेने काळे. अशा गराला बाजारात कोण विचारतो? सोलणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या अर्ध्या मला लहानपणापासून ओळखतात.

मावशी भट्टीजवळ उभी होती. "काय गो बाय, कॉलेजात जाऊन हेच शिकलीस?" ती म्हणाली. "करपवायचेच व्हते तर मीच करपवले असते. लायटीचं बिल कशाला?"

बायका हसल्या. मीही हसले आणि डब्यासमोर जाऊन उभी राहिले.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. सत्तर. सत्तर. सगळं नीट. अर्धा तास तसाच गेला.

"असं बघून काय दिसायचं?" मावशी म्हणाली. "त्याचं येड दार लावल्यावर सुरू होतंय."

"दार उघडलं की आतली हवा थंड होणारच, मावशी," मी म्हटलं. "मग हीटर जास्त चालतो. ते बरोबर आहे."

"मना शिकवू नको. इकडं बघ." तिने दार उघडलं आणि लगेच लावलं. आकडा धाडकन खाली आला: साडेतीन. मग हळूहळू वर चढू लागला आणि हीटर पूर्ण जोरात पेटला. तो तसाच दहा मिनिटं पेटलेला राहिला. आकडा पुन्हा सत्तरवर आल्यावर मावशीने परत दार उघडलं. या वेळी ते उघडंच ठेवून तिने सगळे ट्रे खालीवर केले, सावकाश, मग लावलं. पुन्हा साडेतीनच्या आसपास.

"जरासं उघडलं तरी तेवढंच पडतंय, आणि एवढा येळ उघडलं तरी तेवढंच. हवेनं असं हुईल?" ती म्हणाली. "आणि साडेतीन? बाहेर आपण घामानं निथळतोय, आणि आत बर्फ पडला?"

मी चार वर्षं शिकले होते आणि टेबलावर दिवसभर डबा चालवून बघितला होता. पण आमच्या टेबलाला दार नव्हतं. दार उघडणं ही गोष्ट मी एकदाही करून बघितली नव्हती.

वहिनी फार बोलणाऱ्यातल्या नाहीत. मी निघताना त्या म्हणाल्या, "मंगळवारपर्यंत थांबते. हंगाम चालू आहे, बियांची पोती येऊन पडली आहेत. मंगळवारी जर हेच झालं, तर डबा काढून न्या. मी लाकडाची भट्टी पेटवते." आणि मग, मावशी ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात, "ती भट्टी तिच्याशिवाय कोणाला जमत नाही. मला तिला परत तिथे उभं करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सर परत आले होते. मी सगळं सांगितलं, गरांचं, मावशीचं, मंगळवारचं. ऐकून त्यांनी विचारलं, "काय बदललं होतंस?"

"तो बारीक संख्यांचा पर्याय काढला."

"घाल परत."

मी तो परत घालून प्रोग्रॅम जोडला. दार उघडं की बंद ते डब्याला कळवणारं दाराचं बटण दादांनी वायरीने टेबलावर आणून दिलं होतं. ते दाबलं, सोडलं. आकडा जागच्या जागी. पुन्हा दाबलं, सोडलं. जागच्या जागी. पर्याय काढला की साडेतीन, घातला की ठीक.

मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. "सर, आजच पाठवते."

"नाही," सर म्हणाले.

"पण सर, चालतंय."

"चालत होतं पूर्वीही. का चालत होतं ते तुला माहीत आहे?"

मग ते स्वतःच पुढे म्हणाले, "तो पर्याय बारीक संख्येला शून्य करतो. मग भट्टीत बारीक संख्या आली कुठून? तिथे तीस असेल, सत्तर असेल. शून्याच्या कडेला जाईल असं तिथे काय आहे? ते शोध. त्याशिवाय वहिनींकडे परत जायचं नाही. आपल्याला एकदाच जायला मिळणार आहे."

मंगळवारला तीन दिवस होते. मला त्या क्षणी सरांचा थोडा रागही आला, हे कबूल करते. हातात चालणारा प्रोग्रॅम होता आणि ते मला प्रश्न विचारत होते. आज मागे बघताना वाटतं, त्या 'नाही'इतकं मला कुठल्याच परीक्षेने शिकवलं नाही.

मी नकाशा छापून बसले. आजपर्यंत आम्ही नकाशातलं नाव वाचायचो आणि ते प्रोग्रॅममध्ये आहे का ते बघायचो. काही सुचेना म्हणून मी उलट सुरू केलं. प्रोग्रॅममधलं एकेक नाव घ्यायचं आणि नकाशात त्याची जागा शोधायची. माझी फाइल: मागचा, आहे. स्क्रीनची फाइल झाली. मग सरांची दाराची जुनी फाइल उघडली. तिसऱ्याच ओळीत नाव होतं: मागचा.

नकाशात 'मागचा' एकच होता. चार बाइटची एकच जागा.

मी दोन्ही कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पट्टी ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

दाराच्या फायलीत सरांचा 'मागचा' होता तो सेकंदांचा पूर्णांक. दार उघडलं की डबा सुरू होऊन किती सेकंद झाले ते त्यात लिहायचं, लावलं की वजाबाकी करून दार किती वेळ उघडं होतं ते काढायचं, जास्त वेळ असेल तर घंटा वाजवायची. माझ्या फायलीत 'मागचा' म्हणजे आधीचं तापमान, दशांश संख्या. दोघांनीही सुरुवातीची किंमत न देता ते नाव उघडं ठेवलं होतं. आमच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीत अशी दोन उघडी नावं सारखी निघाली, तर लिंकर समजतो की ही एकच सामाईक वस्तू आहे, आणि दोघांना मिळून एकच जागा देतो. तक्रार करत नाही. बाबांच्या कारखान्यात दोन शिफ्टच्या दोन माणसांना एकच लॉकर मिळावा, तसं. दार उघडं असताना माझं तापमानाचं काम थांबलेलं असायचं, त्यामुळे सरांचा हिशोब कधीच बिघडला नाही. पण दार लागलं की मी लॉकर उघडायची, आणि आत माझ्या सत्तर अंशांऐवजी सरांचे सेकंद. सेकंदांचा पूर्णांक दशांश संख्या म्हणून वाचला की तो शून्याच्या अगदी कडेची बारीक संख्या दिसतो. जुना पर्याय असताना तो शून्य व्हायचा, माझा प्रोग्रॅम समजायचा की अजून माप नाही, आणि नवं माप सरळ घ्यायचा. पर्याय काढल्यावर मात्र तो शून्य राहिला नाही, म्हणून प्रोग्रॅमने त्यालाच आधीचं तापमान धरलं आणि त्यात सत्तरचा विसावा भाग मिसळला: साडेतीन. चूक पहिल्या दिवसापासून होती. पर्यायाने ती झाकून ठेवली होती, आणि मी पांघरूण काढलं.

मी म्हटलं, "माझं चुकलं सर. नाव देताना मी तुमची फाइल बघायला हवी होती."

सर म्हणाले, "आणि माझं नाव माझ्या फायलीपुरतं ठेवायला एक शब्द लागतो, तो मी लिहिला नाही. शिकवताना पोरांना त्यावरून किती बोललो असेन." मग पट्टी उचलून ते म्हणाले, "आणि हे पारायण. इतकी वर्षं आपण एकाच बाजूने वाचतोय. एका बाजूने वाचलं तर हरवलेला माणूस कधी कळणारच नाही."

हे बोलताना त्यांचा चेहरा जराही पडला नव्हता. उलट काहीतरी नवीन हाती लागल्यासारखे ते उठले आणि म्हणाले, "आता लिंकरला सांगूया, सामाईक काही चालणार नाही. प्रत्येकाला आपली जागा."

तसा पर्याय आहे. तो दिला की उघड्या नावांची सरमिसळ होत नाही, दोन सारखी नावं दिसली तर लिंकर जोडणीच नाकारतो. आम्ही तो घातला. लिंकरने नाकारलं. आणि 'मागचा'बरोबर आणखी दोन नावं दाखवली.

"तीन?" सर म्हणाले. "माझ्या घरात तीन?"

"सर, घर जुनं आहे, चालायचंच," दादा मागून म्हणाले.

ती दोन नावं सरांच्याच दोन फायलींत होती. योगायोगाने त्यांनी कधी एकमेकांना त्रास दिला नव्हता. सरांनी ती स्वतः दुरुस्त केली, मला हात लावू दिला नाही. मी माझी फाइल दुरुस्त केली: नाव फायलीपुरतं, आणि अजून माप नाही हे सांगायला शून्याच्या भरवशावर न राहता वेगळी खूण. बारीक संख्यांचा जुना पर्याय ठेवायचा की काढायचा, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. मी काढला. "कारण लिही," ते म्हणाले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं की आता त्या पर्यायाची गरज नाही आणि तो असला तर अशी चूक पुन्हा झाकली जाईल. सरांनी वाचलं आणि मान हलवली.

उरला टेबलाच्या दाराचा प्रश्न. दादांनी तो सोडवला. दाराचं बटण त्यांनी चहाच्या कपाटाला बसवलं. सोमवारभर जो कोणी साखरेसाठी, कपासाठी, बिस्किटांसाठी कपाट उघडेल, तो आमची चाचणी करत होता. संध्याकाळपर्यंत दार शंभराच्या वर वेळा उघडलं असेल. आकडा हलला नाही. "आता पारायणाला चहापण मिळतो," दादा म्हणाले. मग मी आणि सरांनी नकाशा वाचला, दोन्ही बाजूंनी. पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मला झोप आली नाही.

सही करताना माझा हात थांबला. सर म्हणाले, "तूच करायची." मंगळवारी ते बरोबर येतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "सही तुझी आहे, तू जा. वहिनींना काय झालं ते सांग. सगळं."

मी गेले, डब्यात नवा प्रोग्रॅम घातला आणि सांगितलं. भट्टीजवळ उभं राहून, मावशीसमोर. माझ्या हातून नाव कसं दोनदा दिलं गेलं, जुन्या पर्यायाने ते कसं झाकलं, टेबलाला दार नव्हतं म्हणून ते मला कसं दिसलं नाही, आणि मावशीने दाखवलं नसतं तर मी अजूनही थंड हवेचाच विचार करत बसले असते, हेही.

वहिनींनी ऐकून घेतलं. मावशी म्हणाली, "मग आता बरोबर झालं म्हणतेस?"

"दार काय म्हणतंय ते बघूया," मी म्हटलं.

वहिनींनी फोडताना तुटलेले, बाजूला काढलेले तुकडे आणायला सांगितले. त्यांना चांगले गर वाया घालवायचे नव्हते, आणि ते रास्तच होतं. तुकड्यांचे ट्रे आत गेले. आकडा सत्तरला पोहोचला. मावशीने दार उघडलं, लगेच लावलं. अडुसष्ट. हीटर थोडा वेळ चालला आणि शांत झाला. तिने पुन्हा उघडलं, उघडंच ठेवून ट्रे खालीवर केले, लावलं. बासष्ट. सावकाश वर. मग ती मुद्दाम उघडझाप करायला लागली, लहान मूल खेळतं तशी, एकदा, दोनदा, सात-आठ वेळा, माझ्याकडे बघत. मी आकड्याकडे बघत होते. सोलणाऱ्या बायकांचे हातही थांबले होते.

तुकडे वाळायला लागला तेवढा वेळ आम्ही थांबलो. ते बाहेर निघाले तेव्हा मावशीने चार-पाच तुकडे तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळले. साल सुटून खाली पडली. आत पांढरे. एक तिने तोंडात टाकला, चावला आणि वहिनींकडे बघितलं.

वहिनी वळून म्हणाल्या, "अख्ख्यांचे ट्रे घ्या आत."

दोन बायका उठल्या. मीही पुढे होऊन एका ट्रेला हात घालणार, तेवढ्यात मावशी ओरडली, "ए, ए! एसटीतनं उतरलीस ती तशीच. आधी हात धू."

मी हात धुवायला गेले.